सीबीएसई बारावीचा फिजिकल एज्युकेशन विषय: दोन वर्षं जवळून बघितला, त्याचा रिव्ह्यू

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या फॉर्ममध्ये पाचवा विषय काय टाकायचा यावरून घराघरात चर्चा सुरू होते, आणि सीबीएसईवाल्यांच्या घरी त्यात एक नाव हमखास येतं, फिजिकल एज्युकेशन, कोड ०४८. माझ्या लेकीने सायन्ससोबत हाच घेतला. ती कबड्डी खेळते, मी शाळेत असताना खो-खो खेळायचे, त्यामुळे मला पहिल्यापासून इंटरेस्ट होता आणि तिच्या शेजारी बसून मी हा विषय अख्खा वाचलाय, प्रश्न विचारलेत, आकृत्या तपासल्यात. आता बोर्ड संपलं, निकाल हातात आहे, तर म्हटलं नीट सविस्तर लिहावं, कारण याच्याबद्दल जे कोणी बोलतं ते एकतर "डोळे झाकून घ्या, फुकटचे मार्क आहेत" म्हणतं नाहीतर "कशाला, पुढे कुठे चालत नाही" म्हणतं, आणि या दोन्ही बोलण्यांत विषयात नक्की आहे काय हे कोणीच सांगत नाही.

रेटिंग आधीच देते. विषयाला पाचपैकी चार. शाळांमध्ये तो ज्या पद्धतीने घेतला जातो त्याला पाचपैकी दोन, आणि तेही काही चांगले सर-मॅडम आहेत म्हणून.

हे सगळं सीबीएसईच्या अकरावी-बारावीबद्दल आहे बरं का. आपल्या स्टेट बोर्डात आरोग्य व शारीरिक शिक्षण म्हणून जो विषय असतो त्याला श्रेणी मिळते, तो वेगळा. इथे हा पूर्ण १०० मार्कांचा बोर्डाचा विषय आहे, थिअरी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. पेपर तीन तासांचा, त्याआधी १५ मिनिटं नुसती वाचायला. सध्याच्या पॅटर्नमध्ये एकूण ३७ प्रश्न येतात, त्यातले १८ एकेक मार्काचे, मग दोन मार्कांचे आणि तीन मार्कांचे प्रत्येकी सहातले पाच, चार मार्कांच्या तीन केस स्टडी (एखादा प्रसंग देऊन त्यावर प्रश्न), आणि शेवटी पाच मार्कांचे चारातले तीन. आणि एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीतच नसते, पास व्हायला थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ३३ टक्के लागतात, म्हणजे प्रॅक्टिकलला ३० पैकी ३० पडले तरी थिअरी सोडून चालत नाही.

बारावीला दहा युनिट आहेत. स्पर्धांचं नियोजन, मुलं आणि स्त्रिया आणि खेळ, लाइफस्टाइलच्या आजारांवर योग, दिव्यांग मुलांसाठीचं शारीरिक शिक्षण, आहार, टेस्ट आणि मेजरमेंट, फिजिऑलॉजी आणि दुखापती, बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींमागचं फिजिक्स), सायकॉलॉजी आणि ट्रेनिंग. यादी वाचूनच लक्षात येईल की हे नुसतं उड्या मारणं नाहीये. बायोलॉजी, फिजिक्स, थोडं सायकॉलॉजी, थोडं मॅनेजमेंट असं सगळं आहे, आणि प्रत्येक गोष्ट स्वतःच्या अंगावर करून बघता येते, ही या विषयाची सगळ्यात मोठी जमेची बाजू. ज्या मुलाने ती करून बघितली त्याला पाठ करायला फार काही उरत नाही. ज्याने नुसती वाचली त्याच्यासाठी हा विषय म्हणजे नावं, साल आणि मुद्दे यांची न संपणारी घोकंपट्टी. मला जे काही सांगायचंय ते मुळात एवढंच आहे, बाकी खाली उदाहरणं देते.

पहिलं उदाहरण फिक्श्चरचं, म्हणजे कोणाची मॅच कोणाशी याच्या तक्त्याचं. हे पहिल्याच युनिटमध्ये येतं आणि मुलांना कंटाळवाणं वाटतं, कारण फळ्यावर N (म्हणजे टीमची संख्या) आणि N वजा १ असं लिहून मोकळे होतात. आमच्या सोसायटीत गणपतीत बॉक्स क्रिकेट असतं, यावेळी ११ टीम झाल्या आणि दरवर्षीप्रमाणे कोणाला डायरेक्ट दुसऱ्या राऊंडला घालायचं यावरून वाद सुरू झाला. लेकीने वही काढली. नॉकआउट असेल तर मॅचेस टीमपेक्षा एक कमी, म्हणजे १०. अकराच्या पुढची दोनची घात १६, त्यातून ११ वजा केले की ५ बाय, म्हणजे पाच टीम पहिली मॅच न खेळता थेट दुसऱ्या राऊंडला. वरच्या हाफमध्ये ६ टीम, खालच्या हाफमध्ये ५. पहिला बाय खालच्या हाफच्या शेवटच्या टीमला, दुसरा वरच्या हाफच्या पहिल्या टीमला, तिसरा खालच्या हाफच्या पहिलीला, चौथा वरच्या हाफच्या शेवटचीला, आणि पाचवा खालच्या हाफच्या शेवटून दुसरीला. पहिल्या राऊंडला तीनच मॅचेस, मग आठ टीम, मग चार, मग फायनल. कमिटीतले एक काका म्हणाले "अगं पण आमची टीम मागच्या वेळची रनर-अप आहे, आम्हाला बाय द्यायला नको का?" तर ती म्हणाली "काका त्याला सीडिंग म्हणतात, ते करायचं असेल तर चिठ्ठ्या टाकायच्या आधी सगळ्यांसमोर ठरवा, नंतर नाही." तेवढ्यावर विषय मिटला. लीग, म्हणजे प्रत्येक टीमची प्रत्येकीशी मॅच, खेळवायची म्हटली असती तर ११ गुणिले १० भागिले २, म्हणजे ५५ मॅचेस, ते ऐकल्यावर तर कोणी परत लीगचं नाव काढलं नाही. आता हा प्रश्न बोर्डात पाच मार्कांना येतो आणि तिला त्याचा वेगळा अभ्यास करावा लागला नाही.

दुसरं टेस्ट आणि मेजरमेंट. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात कामाचं युनिट हेच. यात खेलो इंडियाची फिटनेस टेस्ट आहे, तिच्या वयोगटाला बीएमआय, ५० मीटर स्पीड, ६०० मीटर रन, सिट अँड रीच (बसून पुढे वाकणं), पार्शल कर्ल-अप (पोटाच्या स्नायूंसाठी) आणि पुश-अप, मुलींना मॉडिफाइड पुश-अप. हार्वर्ड स्टेप टेस्ट आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीत तयार झालेली, ज्यात पुरुषांना २० इंच आणि बायकांना १६ इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा या वेगाने पाच मिनिटं चढायचं-उतरायचं आणि मग नाडी मोजायची. आम्ही आधी जिन्याच्या पायरीवर केली पण पायरी फारच बुटकी पडते, मग शाळेतल्या बेंचवर केली. शॉर्ट फॉर्म्युला सोपा आहे, जितके सेकंद टिकलात ते गुणिले १००, भागिले ५.५ गुणिले थांबल्यानंतर एक मिनिट ते दीड मिनिट या अर्ध्या मिनिटातले ठोके. पूर्ण ३०० सेकंद केलं आणि ठोके ६० आले तर स्कोअर साधारण ९१ येतो, म्हणजे उत्तम. हे एकदा धापा टाकत केलं की फॉर्म्युल्यातला ५.५ आयुष्यात विसरत नाही कोणी.

आणि याच युनिटमध्ये ज्येष्ठांसाठीची रिकली अँड जोन्स टेस्ट आहे. ही मी सगळ्या घरांना सांगेन, मुलाने विषय घेतला असो वा नसो. लेकीने आमच्या आबांची घेतली, ते आधी "मला कशाला परीक्षा" म्हणत होते, मग स्वतःच उत्साहाने खुर्ची आणून बसले. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची म्हणजे सरकत नाही, हात छातीवर क्रॉस, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. मग आठ फूट अप अँड गो, खुर्चीपासून आठ फुटांवर पाण्याची बाटली ठेवली, उठून चालत जाऊन बाटलीला वळसा घालून परत येऊन बसायचं आणि सेकंद मोजायचे. मग बॅक स्क्रॅच, एक हात खांद्यावरून पाठीवर आणि दुसरा खालून वर, आणि दोन्ही मधल्या बोटांमधलं अंतर. आबांचा डावा हात वर असताना बोटं जवळजवळ टेकत होती आणि उजवा हात वर घेतला की वीतभर लांब. उजवा खांदा आखडलाय हे त्यांनाही माहीत नव्हतं, शर्ट घालताना त्रास होतो एवढंच म्हणायचे. फिजिओकडे गेलो, व्यायाम सुरू आहेत. पुस्तकात या टेस्टच्या सहा पायऱ्या आणि कशाने काय मोजलं जातं हे टेबल दिलंय, ते टेबल पाठ करायला मुलं किती रडतात मी बघितलंय, आणि घरात आजी-आजोबा असतील तर एका दुपारीत ते कायमचं डोक्यात बसतं.

मुलं आणि स्त्रिया हे युनिट मुलींच्या आयांनी स्वतः वाचावं ही मनापासून विनंती. यात पोश्चरचे दोष आहेत, पाठीचा बाक, खांदे पुढे येणं, गुडघे जुळणं, सपाट पाय. सपाट पाय बघायचा असेल तर ओल्या पायाने कोरड्या फरशीवर उभं राहून ठसा बघायचा, मधली कमान दिसायला पाहिजे, आमच्या धाकट्याचा ठसा पूर्ण भरलेला निघाला तेव्हा त्याचे पाय लवकर का दुखतात ते कळलं. पण खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे फिमेल अॅथलीट ट्रायड. कमी खाणं, पाळी बंद होणं आणि हाडं ठिसूळ होणं, या तीन गोष्टी एकमेकींच्या हाताला धरून येतात. कबड्डीत लहान वयोगटांना वजनाची मर्यादा असते, स्पर्धा जवळ आली की मुली रात्रीचं जेवण सोडतात, पाणी कमी पितात आणि आजूबाजूच्या मोठ्यांना ते शिस्तीचं लक्षण वाटतं. लेकीच्या टीममधल्या एका मुलीची पाळी कित्येक महिने आली नव्हती आणि ती उलट खूश होती की मॅचच्या वेळी कटकट नाही. लेकीने तिला हेच पान उघडून दाखवलं, मग तिच्या आईशी मी बोलले, डॉक्टरकडे नेलं त्यांनी. वर्गात हे युनिट शिकवताना मात्र मुलामुलींसमोर कसं बोलायचं म्हणून "हे घरी वाचा" सांगून सर पुढे गेले. हे मला अजिबात पटलेलं नाही. मुलांनाही हे माहीत असायला पाहिजे, त्यातलाच कोणीतरी उद्या कोच होणार आहे.

बायोमेकॅनिक्स सायन्सवाल्यांना हलकं जातं. न्यूटनचे नियम, लिव्हर (तरफ), समतोल, घर्षण, प्रोजेक्टाइल (हवेत फेकलेली वस्तू). पण इथेही खेळून बघितलेल्याला जास्त कळतं. कबड्डीत डिफेंडर गुडघे वाकवून पाय फाकवून का उभी राहते, तर बेस मोठा आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली, धक्का बसला तरी तोल जात नाही, आणि रेडरने टो टच करायला पाय लांबवला की तिचा तोल कडेवर आलेला असतो म्हणून त्याच क्षणी अँकल होल्ड (घोट्याची पकड) बसतो. हे लेकीने केस स्टडीत तसंच लिहिलं. गोळाफेकीत ४५ अंश हा आदर्श कोन का नाही, हाही छान प्रश्न आहे, कारण गोळा हातातून खांद्याच्या वरून सुटतो आणि जमिनीवर पडतो, सुटण्याची आणि पडण्याची उंची सारखी नाही, त्यामुळे कोन ४५ पेक्षा कमी लागतो. फिजिक्सच्या क्लासला हे कोणी सांगितलं नव्हतं तिला.

दुखापतींचं युनिटही असंच, स्प्रेन म्हणजे लिगामेंट आणि स्ट्रेन म्हणजे स्नायू किंवा टेंडन, हा फरक एक मार्काला दरवर्षी कुठे ना कुठे येतो, आणि घोटा मुरगळला की लगेच चोळायचं नाही, बर्फ लावायचा, बांधायचा, पाय उंच ठेवायचा, हे ज्या घरात मूल खेळतं तिथे सगळ्यांना पाठ पाहिजे. आहार आणि सायकॉलॉजी ठीक आहेत, वाचलं की येतं.

आता जे आवडलं नाही ते. योगाचं युनिट. विषय एवढा चांगला आणि तो आपल्याच मातीतला, लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगावर प्रयोगशाळेत काम केलं, एवढी परंपरा इथे आहे. आणि अभ्यासक्रमात काय, तर लठ्ठपणा, मधुमेह, दमा, उच्च रक्तदाब, पाठदुखी आणि संधिवात, प्रत्येकाला आसनांची लांबलचक यादी आणि प्रत्येक आसनाची कृती, फायदे आणि कोणी करू नये. याद्यांमध्ये तीच तीच आसनं परत येतात, मुलं भुजंगासन कुठल्या आजारात होतं आणि कुठल्यात नव्हतं याचे कोडवर्ड बनवून पाठ करतात. यादी निम्मी करून तीच आसनं प्रत्यक्ष नीट करून घेतली असती तर जास्त बरं झालं असतं. कोणी करू नये हा भाग मात्र खरंच गांभीर्याने शिकवायला हवा, ब्लडप्रेशर जास्त असलेल्याने हलासन करू नये हे माहीत नसलेले कितीतरी लोक सकाळी व्हिडिओ बघून पाय डोक्याच्या मागे नेत असतात.

दिव्यांग मुलांसाठीचं युनिट दोन पानी माहिती आणि साल यात अडकतं. डेफलिम्पिक्स १९२४ पॅरिस, पॅरालिम्पिक १९६० रोम, स्पेशल ऑलिम्पिक्स १९६८ शिकागो, झालं. वर्गात कोणीतरी पाच मिनिटं मुरलीकांत पेटकरांबद्दल सांगितलं असतं तर? सांगलीकडचा माणूस, फौजेत होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला गोल्ड, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. लेकीला हे मी सांगितलं, तिने पाच मार्कांच्या उत्तरात उदाहरण म्हणून घातलं.

प्रॅक्टिकलबद्दल बोलायलाच पाहिजे कारण माझा एक स्टार तिथेच गेलाय. ३० मार्कांची वाटणी अशी आहे, फिटनेस टेस्ट ६, एका खेळातलं कौशल्य ७, योग ७, रेकॉर्ड फाईल ५, व्हायवा (तोंडी परीक्षा) ५. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात लेकीच्या शाळेत काय झालं तर पीईचे तास डिसेंबर आला की फिजिक्स-मॅथ्सच्या रिव्हिजनला दिले, ६०० मीटर वर्गातल्या निम्म्या मुलांनी पळालेच नाहीत आणि टायमिंग सगळ्यांची भरली गेली. सरांचा पूर्ण दोष म्हणणार नाही, त्यांच्याकडे स्पोर्ट्स डे, परेड, बस ड्युटी, गेट ड्युटी सगळंच होतं. पण जी मुलगी रोज सहा वाजता ग्राउंडवर जाते तिची ६०० मीटरची वेळ आणि जो पळालाच नाही त्याची वेळ एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिली जाते तेव्हा त्या मुलीला काय वाटत असेल? मी शाळेत जाऊन बोलले, पुढच्या आठवड्यात ज्यांना द्यायची होती त्यांची टेस्ट परत घेतली, चुना टाकून ट्रॅक आखून घेतली, आणि मुलं चक्क मजेत पळाली. म्हणजे होत नाही असं नाही, कोणीतरी मागे लागावं लागतं.

रेकॉर्ड फाईल तर विचारूच नका. स्टेशनरीच्या दुकानात तयार फाईल मिळते, आकृत्यांसकट, नाव टाकायचं आणि द्यायची. कृपा करून घेऊ नका. फाईलमध्ये फिटनेस टेस्टची माहिती, आजारांसाठीची आसनं आणि आपल्या आवडीचा एक खेळ असतो, खेळाचं मैदान आकृतीसह. लेकीने कबड्डी घेतली आणि स्केलवर आखली, महिलांचं १२ बाय ८ मीटर, बॉक लाइन (रेडरला ओलांडावीच लागते ती रेघ) मिडलाइनपासून ३ मीटर, तिथून बोनस लाइन १ मीटर, दोन्ही बाजूंना लॉबी (कडेची पट्टी) १ मीटर. व्हायवाला बाहेरून आलेल्या मॅडमनी फाईल उघडून पहिलाच प्रश्न विचारला, "हे पुरुषांचं का नाही काढलंस?" ती म्हणाली "मॅम मी ह्यावर खेळते, पुरुषांचं १३ बाय १० असतं आणि बॉक लाइन पावणेचार मीटरवर." मॅडम हसल्या आणि पुढचे सगळे प्रश्न खेळाचेच विचारले. तिच्या मागच्या मुलाच्या तयार फाईलमध्ये पण कबड्डीच होती, त्याला लॉबी कधी चालू होते हे सांगता आलं नाही.

पुस्तकांचं म्हणाल तर बाजारात चारपाचशेच्या आसपास जाडजूड गाईडं मिळतात, एक पुरे. पण डोळे उघडे ठेवून वाचा, आमच्याकडच्या एका गाईडमध्ये बायसेप कर्ल सेकंड क्लास लिव्हर म्हणून छापलं होतं. ते थर्ड क्लास आहे, कोपर हा टेकू, जोर मध्ये आणि वजन हातात टोकाला. टाचा उचलून चवड्यावर उभं राहणं हे सेकंड क्लास, आणि मान हलवणं फर्स्ट क्लास. हे तिन्ही स्वतः करून बघितलं की गाईडची चूक आपोआप सापडते. बोर्डाच्या साइटवर सॅम्पल पेपर आणि मार्किंग स्कीम फुकट आहेत, त्या मार्किंग स्कीम गाईडपेक्षा जास्त उपयोगी, कारण पाच मार्कांच्या उत्तरात नेमके कशाला मार्क आहेत ते त्यात दिसतं. यूट्यूबवरचे वन शॉट व्हिडिओ शेवटच्या रिव्हिजनला ठीक, पहिल्यांदा शिकायला नाही. या विषयाला प्रायव्हेट क्लास लावायची अजिबात गरज नाही, एकाने आम्हाला आग्रह केला होता, नोट्स बघितल्या तर त्याच गाईडच्या झेरॉक्स.

पुढे काय उपयोग, हा प्रश्न सगळे विचारतात. सीयूईटीच्या (केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या) डोमेन विषयांत फिजिकल एज्युकेशन आहे, पण प्रत्येक युनिव्हर्सिटी आणि कोर्सला कुठले विषय धरतात ते वेगवेगळं असतं, म्हणून ज्या कोर्सला जायचंय त्याची यादी आधी उघडून बघा. मेडिकलला पात्रता फिजिक्स-केमिस्ट्री-बायोवर आणि आपल्याकडे सीईटीतून इंजिनिअरिंगला फिजिक्स-मॅथ्सच्या ग्रुपवर, तिथे पीईचे मार्क धरत नाहीत, त्यामुळे "टक्केवारी वाढते म्हणून" एवढ्याच कारणासाठी घेत असाल तर तुम्हाला हवा तो फायदा होईलच असं नाही. ज्याला याच क्षेत्रात जायचंय त्याला मात्र पाया मिळतो. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल एज्युकेशन १९५७ पासून आहे, आपल्याकडे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, तिथे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे, आणि स्पोर्ट्स सायन्स, न्यूट्रिशन, कोचिंग, स्पोर्ट्स मॅनेजमेंट अशा वाटा आहेत. फिजिओथेरपीला जायचं असेल तर बायो सोडू नका, नुसत्या पीईवर होत नाही.

खेळणाऱ्या मुलांनाच घ्यावा का? नाही. लेकीची एक मैत्रीण कधीच कुठला खेळ खेळली नव्हती, दम्याचा त्रास होता तिला. ट्रेनिंगच्या युनिटमध्ये लोड कसं हळूहळू वाढवायचं, कंटिन्युअस (न थांबता) आणि इंटरव्हल (मध्ये मध्ये विश्रांती घेत) ट्रेनिंगमध्ये काय फरक, हे वाचून डॉक्टरांना विचारून तिने चालणं सुरू केलं, मग थोडं पळणं, बारावीच्या फिटनेस टेस्टला ६०० मीटर न थांबता पूर्ण केलं. वेळ वर्गात जवळपास शेवटची असेल, पण तिची आई मला सांगताना रडत होती. अशा मुलांना हा विषय जास्त देतो असं मला वाटतं, फक्त त्यांच्यावर कोणी हसणार नाही असा वर्ग आणि असे सर पाहिजेत.

पेपर लिहिताना दोनच सांगते. फिक्श्चर पेन्सिल-पट्टीने काढा आणि बायचं गणित आधी बाजूला लिहून दाखवा, त्याला मार्क असतात. आणि पाच मार्कांच्या प्रश्नात मुद्द्यांना नंबर द्या, प्रत्येक मुद्द्याला एक ओळ खेळातलं उदाहरण, तेच ते "फिटनेस सुधारतो" लिहून पान भरू नका.

आणि फॉर्म भरायच्या आधी शाळेत जाऊन या. अकरावी-बारावीला पीई कोण शिकवतं, त्या सरांना दुसऱ्या किती ड्युट्या आहेत, दुसऱ्या टर्ममध्ये पीईचे तास खरंच होतात का, मागच्या बॅचची ६०० मीटर टेस्ट ग्राउंडवर झाली का वहीत, हे विचारा, आणि शाळेत नाही तर मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलाला विचारा, तो खरं सांगेल. उत्तरं बरी आली तर बिनधास्त घ्या. नाही आली आणि तरी मुलाला घ्यायचाच असेल तर ग्राउंडचं काम तुम्हाला घरून करून घ्यावं लागेल, स्टॉपवॉच मोबाईलमध्ये असतंच, मोजपट्टी आणि चुन्याची पिशवी तेवढी आणून ठेवा.